एक वीट कमी

मुरोरानच्या घरामागे बाबांनी
सत्तावीस विटा आणून ठेवल्या आहेत,
पिवळट, जड, भट्टीच्या.
पोलाद कारखान्याने टाकून दिलेल्या, असं ते सांगतात.
कुणी टाकल्या, कधी, गाडी कुणाची होती,
मी विचारत नाही.

आठवडाभर विटा स्टोव्हभोवती वाळत होत्या,
आम्ही त्यांना ओलांडून जेवायला बसायचो.
"ओली वीट सूड घेते," बाबा म्हणाले,
"तापली की फुटते, आणि फुटताना डोळा शोधते."

करायचं होतं एवढंसं:
दोन बुटक्या भिंती समोरासमोर,
मधे जाळी, जाळीवर कोळसा,
रुंदी मुठीएवढी, म्हणजे काडीची दोन टोकं
दोन काठांवर टेकतील
आणि मांस मधे अधांतरी राहील.
मापाला शेजारच्या ओरिए-सान यांनी
त्यांच्या बंद झालेल्या दुकानातली बांबूची काडी दिली,
एक टोक करपलेलं.
बाबांनी ती पेन्सिलीसारखी कानामागे खोचली.

एकतीस वर्षं ते भट्टीला आतून अस्तर लावत आले.
भट्टी निवायला दिवसचे दिवस जायचे,
मग हे शिडीने तळाशी उतरायचे
आणि गोल गोल विटा रचत वर यायचे,
विहिरीत पाणी चढावं तसे.
दोन विटांच्या सांध्यात पोस्टकार्ड शिरलं
की अख्खी रांग उखडायची.
लोखंडाला पळून जायला तेवढी वाट पुरते.
काम झालं की हे बाहेर.
आग पेटवायला दुसरी माणसं यायची.

आता ना सिमेंट, ना माती, तरी
सांधे असे की मुंगीने परत फिरावं.
पातळी तीनदा तपासली.
अंगणच कलतं आहे म्हणाले, अंगणावर चिडले.

कोळसा वाकायामाचा,
एकमेकांवर आपटला की काशासारखा वाजणारा.
गॅसवर लाल करून आणला, जाळीवर ओतला.
ओरिए-सान पंखा घेऊन बसल्या.
कोळसा राखाडी झाला, मग काळा.
पुन्हा लाल केला. पुन्हा काळा.
बंदरावरून धुकं आलं, ते बाबांच्या कामी आलं.
"हवा दमट आहे."

ओरिए-सान ओणवल्या,
खालच्या रांगेवरून चहूकडे बोट फिरवून आल्या.
"इचिनोहे-सान, हिने श्वास कुठून घ्यायचा?"
बाबा गप्प.
"चाळीस वर्षं एका फटीवर पोट भरलंय हो मी."

आखूड बाजूची तळातली वीट.
बाबांनी तिच्यावर अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला,
दुखरा दात दाखवणाऱ्या मुलासारखा.
मग म्हणाले, "तू काढ, मिचिरु.
मला नाही जमायचं."

मी हातमोजे चढवले, ओढली.
वरची रांग तसूभरही हलली नाही.
आत आधी कुणी घसा खाकरल्यासारखं झालं,
मग कोळशाच्या कडा एकेक करून लाल,
मग पोटातून लाल,
मग पांढऱ्याकडे झुकणारं काहीतरी,
ज्याच्याकडे सरळ बघवेना.

आमच्या गावात याकितोरी म्हणतात, म्हणजे कोंबडी,
आणि काडीला असतं डुकराचं मांस,
मधेमधे कांदा, ताटलीच्या कडेला मोहरी.
यात कुणालाच काही खोटं वाटत नाही.
चरबीचा पहिला थेंब पडला, धूर उठला,
ओरिए-सान यांनी डोळे मिटून वास घेतला
आणि डोळे न उघडता म्हणाल्या, "उलट, जळतंय."
मी उलटल्या.

बाबा जेवायला आले नाहीत.
गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून
ते त्या भोकातून आत बघत होते.
"आतून अशी असते होय," म्हणाले,
कुणाला ते कळलं नाही.

बऱ्याच वेळाने उठले, गालाला माती तशीच.
खिशातून बसचा पास काढला
आणि उरलेल्या सांध्यांत
एकेक करून सरकवून पाहिला.
नाही शिरला.