गार इंजिन

आधी काही बोलू नकोस, हातमोजा काढ
आणि बॉनेटवर तळवा ठेव, राव्दना आत्या म्हणाली.
कोमट लागलं तर समज,
आपण यायच्या आत कुणीतरी या स्नोमोबाइलला
गोंजारून उठवलंय.

उणे एकतीस. गारठा तळव्याला डसला.
गारच होती.

मग मी गुडघ्यांवर. पट्ट्याचे दात चाचपले, तीन गायब.
चाकं बोटाने फिरवली, एक खरखरलं.
स्कीखालची पोलादी धार झिजून नखाएवढी.
बिएरा दारात उभा,
कॉफीचा कप नुसताच धरून.

सीट उचलली. खाली गाळाची रेघ,
सरळ, बारीक,
पाणी कुठवर चढलं होतं ते सांगणारी.

"कुठलं तळं?"
त्याने हनुवटी उत्तरेकडे केली.
तेवढंच उत्तर.

"किती दिवस होती खाली?"
"गाडी? दोन रात्री,"
आणि कप कठड्यावर ठेवला.

आत्याने पुढचं विचारलं नाही.
दोरी ओढ, मला म्हणाली.
तिसऱ्या झटक्याला खोकली, निळा धूर ओकली,
मग लागली.

किंमत पाडून मागायची होती.
यादीत होतं ते.