दोन बोटं

यौ मा तेईच्या जिन्याखालचं दुकान
मी अजून चालवते.
पाटीवरचं सगळं पुसलंय, 'हाडं' तेवढं वाचता येतं.
परवा एक पोरगा आला, मनगट टम्म सुजलेलं.
भिंतीवरचा फोटो बघून दुखणं विसरला.
"मोक चिंग-लाम! खरंच मारता यायचं का हो त्याला?"

सगळे हेच विचारतात.
मी औषधी दारू चोळत राहिले.

त्याचे हात मी पाहिलेत.
बाबांच्या हाताखाली शिकत होते तेव्हा,
चित्रीकरण संपलं की मागच्या दाराने यायचा,
गॉगल लावून, जणू दारू प्यायला आल्यासारखा.
पेरं गुळगुळीत. नखं कापलेली.
पण डावा खांदा तीनदा निखळलेला,
गुडघ्यात पाणी,
बरगड्या चाचपाव्यात तर जुन्या छत्रीच्या काड्या.
बाबा म्हणाले, हे अंग मारणाऱ्याचं नव्हे,
पडणाऱ्याचं आहे.

मारणारे आम्हाला ठाऊक होते.
गोदीवरचा फुंग सेक, ज्याची मूठ
जेवतानाही पुरती उघडायची नाही.
त्याला एकदा नेलं होतं सिनेमात.
सकाळीच दोघांचे दात पाडले त्याने,
दुपारी भाताचा डबा हातात देऊन घरी पाठवला.

सिनेमात लागतं ते वेगळंच.
ठोसा नाकापासून दोन बोटांवर थांबला पाहिजे,
एक बोट जास्त झालं तर कॅमेऱ्याला कळतं,
एक कमी झालं तर आमच्या दुकानाला.
आवाज नंतर, बंद खोलीत
कुणी आ-सौ नावाचा माणूस
ओल्या चामड्याने कोबीचा गड्डा बडवून काढायचा.
हे कुणाला सांगायचं नाही.
निर्मात्यांनी ती मूठ वीस वर्षं झाकून ठेवली,
आणि सव्वा लाख त्यांचे झाले.

एका हिवाळ्यात, नव्या वर्षाच्या तोंडावर,
हप्त्याची तीन पोरं आली.
बाबांनी दोन महिने दिले नव्हते.
एकाने सापाच्या दारूची बरणी उचलली, खाली सोडली.
मोक बाकावर पालथा होता, पाठीला लेप.
उठला.
लेपाचा कागद तसाच लोंबत होता मागे,
मला हसू आलं, त्या भीतीतही.

आणि त्याने ठोसा मारला.
असा सुंदर ठोसा मी आजवर पाहिला नाही.
खांदा, कोपर, मनगट, सगळं एका ओळीत.
पोराच्या नाकापासून दोन बोटांवर
थांबला.

पोरगं डोळे मिटून उभं.
मग उघडले.
मोक स्वतःच्या मुठीकडे बघत होता,
तिने परस्पर काहीतरी ठरवल्यासारखं.
पुन्हा मारला. पुन्हा दोन बोटं.
तिसरा मारायच्या आत दुसऱ्या पोराने त्याचं नाक फोडलं,
आडवातिडवा, गावठी फटका,
आणि मोक पडला:
हवेत अर्धा वळून, टोपल्यांवरून, थेट रस्त्यात.
रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून गुंडांना काय करावं कळेना.
एकाने तर हात देऊन उठवलं त्याला.
गर्दी वाढली, तशी ती निघून गेली.
पुढच्या महिन्यात बाबांनी हप्ता दिला,
ते वेगळं.

रात्री नाकात कापूस कोंबताना त्याने विचारलं,
"लागला का एखादा?"
बाबा म्हणाले, नाही.
"किती?"
"दोन बोटं."
"दोन्ही वेळा?"
"दोन्ही वेळा."
तो हसला की काय ते
कापसामुळे नीट कळलं नाही.
स्वर्गही तेवढाच दूर असतो म्हणतात,
पण तिथे कुणी मुद्दाम थांबत नाही.

पोराचं मनगट मी कडकन बसवलं. ओरडला.
चाळीस डॉलर.
"पण सांगा ना, यायचं का त्याला?"

मी म्हटलं, चांगल्या हाताने मला मार.
बिचकला. मग मूठ आली,
घाबरत, गालापासून लांबच अडखळली.
बोटं लावून मोजली मी.
पाच.
"रोज ये," म्हटलं. "लेप बदलावा लागेल."