चौदा खांबांचं जंगल

तस्मानियाच्या तळाशी आमचं गाव.
एकच रस्ता, चौदा खांब,
चौदाव्यासमोर माझी बेकरी.

मार्चमधल्या एका सकाळी पाहिलं तर
खांबाखांबावरून केल्प लोंबतंय,
जुन्या दोरखंडांचं, फाटक्या ताडपत्रीचं,
पानाच्या देठाशी हवेचा फुगा म्हणून
पिंगपाँगचा चेंडू.
वारा सुटला की अख्खा रस्ता
पाण्याखाली गेल्यासारखा डुले.
मेरिडी शिडीवर, दातांत सुतळी:
"तुमच्या आज्यांच्या वल्ह्यांना
हेच अडकायचं ना? घ्या, परत आणलं."

मग दर शुक्रवारी शाळा यायची.
हातात काळ्या लोकरीचे काटेगोळे,
उबदार प्रवाहाबरोबर उत्तरेकडून आलेले ते अर्चिन,
काटे म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्या.
खेळाचा नियम खडूनं फुटपाथवर:
गोळा बसला, पान कापा.
मोठी शेवंड आली, गोळा काढा.
शेवंड मात्र कुणाला विणायलाच दिली नव्हती.

पहिल्या आठवड्यात आम्ही हसलो.
मी चॉकलेटच्या काट्यांचे पाव केले,
दहाच्या आत संपले.
पाचव्या आठवड्यात कात्रीचा आवाज
दुकानात ऐकू यायला लागला.
जुलैत नऊ खांब नुसते खांब.
एक पाहुणा विचारून गेला,
हा उत्सव आहे की सुतक?
मी त्याचा पाव कागदात गुंडाळत राहिले.

टिली पर्डन, वय सात, कात्री फेकून ओरडली,
"पण यांना खाणारं कुठे गेलं?"
मेरिडी काही बोलली नाही.
बाकावर एल्डन क्विल पाय खात होता.
पबच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे:
दोन हातांत दोन शेवंडी,
एकेक त्याच्या दंडाएवढी.
त्यानं पायवरून नजर उचलली नाही.
सॉस शर्टावर सांडला, तोही पुसला नाही.

मी तीनला उठते, पीठ मळायला.
त्या रात्री चौदाव्या खांबाला शिडी टेकलेली,
शिडीवर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस.
दिवा लावला नाही मी. हाकही मारली नाही.
पडेल म्हणून नुसती बघत राहिले.

सकाळी तिथे शेवंड.
त्याच्या नारिंगी रेनकोटची, आत पेंढा,
मिशांना गळाच्या काठ्या,
बटणांचे डोळे, एक जरा तिरळा.
मुलांनी टेपनं मोजली.
हो, मोठी आहे;
लहान शेवंडीच्या तोंडात काटेगोळा मावत नाही,
हे त्यांना आता पाठ.
एक गोळा खाली आला.
एकच.
मेरिडीनं वीतभर पान बांधलं,
खांबाच्या मानानं अगदीच हास्यास्पद.

दुपारी एल्डन दुकानात.
"अर्धा पाव दे," म्हणाला.
सुट्टे मोजले. परत मोजले.
"लाल कापड आहे का एखादं, जुनं?"

मी खिडकीचा पडदा उतरवला.
म्हणून आमच्या दुसऱ्या शेवंडीच्या पाठीवर
पिवळी फुलं आहेत.
मुलांनी खडूचा नियम पुन्हा वाचला,
थोडी कुजबुज केली,
आणि चालेल म्हणाली.