ऐकायची सळई

रात्री दोननंतर शिवडीचे रस्ते थोडे गप्प होतात.
तेव्हा आम्ही निघायचो, पाणीखात्याची चार माणसं.
मी डांबरावर सळई टेकवायचो
आणि वरच्या चकतीला कान लावायचो.
खाली सहा फुटांवर पाइप.
धड पाइप नुसता हुंकारतो,
फुटका फुसफुसतो, चहाच्या आधणासारखा.
एकोणीस वर्षं हेच केलं.
चुकीच्या जागी खड्डा, असं माझ्या नावावर दोनदाच.

परळच्या वॉर्डात शालनला माझी किडनी बसवली
आणि सगळ्यांचे डोळे लागले लघवीवर.
तासाला किती. नर्स वाकून आकडा वाचायची,
मोठे डॉक्टर तो ऐकून माझ्या पाठीवर थाप मारायचे,
जणू मीच आत बसून भरतोय.
खाटेला लटकवलेला कागद: आवक, जावक.
तेवढा मला वाचता यायचा.
मेहुणीने पेढे आणले.
शालन म्हणाली, नको, पोट गच्च आहे.

सहा दिवस गच्च होतं.
"वारा सरला का?" राउंडला रोज विचारायचे.
चाळीच्या संडासाच्या रांगेत
जन्मभर डबा पदराआड धरून उभी राहिलेली बाई
पंधरा माणसांसमोर याचं उत्तर काय देणार?
दुखतं का? नाही.
खरंच दुखत नव्हतं. नंतर कळलं,
किडनी परकी वाटू नये म्हणून ज्या गोळ्या,
त्याच दुखण्याचंही तोंड दाबून धरतात.
वर डांबर कोरडं ठणठणीत,
खाली गल्लीभर पाणी मुरतंय.

सातव्या रात्री डॉक्टर बोरकुटे आली,
जेमतेम पंचविशीची, ओढणी उलटी घातलेली.
पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि हललीच नाही.
जागा बदलली. पुन्हा तेवढाच वेळ.
ते तोंड मी ओळखलं.
त्याच तोंडाने मी शंभरदा रस्त्यात उभा राहिलोय.
म्हटलं, काही ऐकू येतंय?
म्हणाली, काहीच नाही काका. तेच वाईट आहे.

मोठं आतडं फाटलं होतं. रुपयाएवढं.
पहाटे पोट पुन्हा उघडलं,
सडका तुकडा काढला, वरचं टोक
बेंबीच्या डावीकडे कातडीला शिवलं.
विष पसरलेलं, म्हणून त्या गोळ्या बंद.
"आधी बाई वाचवू, मग किडनी बघू."
म्हणजे आता तिचं रक्त जागं होणार,
आत शिरलेला कोण, ते हुडकत फिरणार.
सत्तावीस वर्षांचा संसार, दोन पोरं,
रोजचं एकमेकांचं उष्टं,
आणि मी बाहेरचा.
काचेपलीकडे डाव्या कुशीतले टाके धरून
मी माझ्याच तुकड्याला सांगत होतो:
आवाज करू नकोस. दडून राहा.
पण पाणी सोडत राहा.

आकडा चढला. अडकला. कागदावर
दोन दिवस जावकीच्या रकान्यात काहीच नाही,
मग चाळीस. मग साठ.

बाराव्या पहाटे, साडेचारला,
शिवडीत पाणी सोडायच्या वेळेला,
पिशवीत फुर्र झालं.
शालनने चादर तोंडावर ओढली.
मी म्हटलं, थांब, पुन्हा येऊ दे.
हवा, मग चमचाभर पाणी, मग हवा.
दोन दिवसांची कपात संपून
नळ खाकरत येतो ना, तसं.
"शी," चादरीखालून आवाज आला,
"कान काय लावताय त्याला!"

आता घरी आहे. गोळ्या निम्म्या.
आतडं सहा महिन्यांनी जोडू म्हणालेत,
तेव्हा 'बहुतेक' असाही एक शब्द होता.
पिशवी रिकामी करायला मला घेत नाही.
दार लावते, नळ मोठा सोडते,
म्हणजे मला ऐकू जाऊ नये.

मी उंबऱ्यावर.
नळ वेगळा, पिशवी वेगळी, मग्गा वेगळा,
मध्येच तिचं थांबणं.