दिसणारी खूण

अर्जात एक रकाना आहे :
शरीरावरची दिसणारी खूण.
मी लिहिलं, डाव्या भुवईत व्रण.
रकान्यात मावलं नाही ते असं,
की सात वर्षांचा असताना तो घसरगाडीवरून
गोठलेल्या नदीवर आपटला,
आणि रडायच्या आधी त्यानं
धाकट्या भावाची टोपी शोधली.

पुढचा रकाना : आजी-आजोबा पाकिस्तानचे होते का?
आंद्रिस म्हणाला, माझ्या आजोबांचे
तीन देश झाले, एकाच अंगणात बसून.
कोणता लिहू?
मी लिहिलं, नाही.

जेल रोडवरच्या खिडकीत परीखसाहेबांनी
आमचे दोन पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले,
पत्रिका जुळवतात तसे,
आणि गुण कमी भरले.
त्याचं आडनाव कल्निन्श. माझं कल्निन्या.
"बेन, स्पेलिंगमां भूल छे."

भूल नाही साहेब, व्याकरण आहे.
त्यांच्याकडे आडनावालाही लिंग असतं.
आमच्यात नाही का, पाटलाची पाटलीण,
देशमुखाची देशमुखीण?
अर्थ विचाराल तर, तो टेकाड, मी टेकडी.
साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.
या सपाट गावात पावागढपर्यंत जावं लागतं
साधा चढ पाहायला.
"एफिडेव्हिट लावा," ते म्हणाले.

कोठीसमोर, कडुलिंबाखाली टेबल मांडलेल्या
नोटरीनं गुजरातीत लिहिलं, इंग्रजीत टाइप केलं,
मी मराठीत विचार करून सही केली :
प्रतिज्ञापूर्वक सांगते की
टेकाड आणि टेकडी एकाच घरात राहतात.
शिक्का तिरका बसला.
दीडशे रुपये, सुट्टे नव्हते.

मग माझी पाळी आली.
त्याचा प्रत्येक कागद होता, रीगाहून शिवून आणलेला,
मागे फीत, फितीवर लाख.
माझा पत्ता मात्र कुठेच नव्हता.
अकरा वर्षांत रेशनकार्डावरून नाव गेलं,
मतदारयादीतून गेलं, बँकेनं खातं झोपवलं.
रावपुऱ्यात जन्मले, याला पुरावा
एक दवाखाना, जिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
परदेशी माणसाला इथं ठेवून घ्यायला
आधी मी इथली आहे हे दाखवायचं होतं.
आंद्रिसनं माझी फाइल स्वतःच्या मांडीवर घेतली.
बाकावर आम्ही दोघं अर्जदार.

पडताळणीला भूपतसिंह आला, भर दुपारी, मोटारसायकलवर.
आईनं दारातच विचारलं,
जावई म्हणून बसवू की अर्जदार म्हणून?
तो म्हणाला, पाणी द्या फक्त.
मग शेजारच्या कोकिळाबेनना हाक गेली.
ओळखता का यांना? किती दिवसांपासून?
बेननी मोजलं नाही.
"माझं दूध उतू गेलं तेव्हापासून," म्हणाल्या.
"मी गच्चीवर होते, यानं कठड्यावरून उडी मारून
गॅस बंद केला. भाषा येत नाही त्याला,
पण दूध उतू गेल्याचा वास कळतो."
भूपतसिंहानं लिहिलं : चारित्र्य समाधानकारक.
कठड्यावरून उडी मारणं
त्यानं लिहिलं नाही. तसं ते अतिक्रमणच.

रात्री सेव-उसळ खाताना आंद्रिसचे डोळे पाणावले.
तिखटानं, असं तो म्हणतो.
मला भुवईतला व्रण लाल झालेला दिसला.
अकरा वर्षांत कधी पाहिला नव्हता असा.
आता अर्जात बदल करता येत नाही.

एक वर्ष मिळालंय.
स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर
आईनं पुढच्या वर्षीचं पान शोधून,
ते छापलेलं नव्हतं म्हणून
मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलंय,
सिलिंडर, घरपट्टी, हळद दळून आणणे,
आणि खाली, थोडं दाबून :
आंद्रिस, मुदत.