शिल्लक

वांद्र्याच्या कामगार न्यायालयात
एकाच बाकावर आम्ही,
मी युनियनचा खजिनदार
आणि पर्सनल मॅनेजर गुप्ते.
त्यांचीही ग्रॅच्युइटी अडकलीय.
मालक येत नाहीत. त्यांचा वकील येतो,
पुढची तारीख घेऊन जातो.

"त्या दिवाळीत ताळेबंद दाखवला होता तुम्हाला,"
गुप्ते म्हणाले.
खरंय.
त्याआधी तीनदा खोटा दाखवला होता,
तेही खरंय.
वीस टक्क्यांसाठी मी हात वर केला,
मागून दोनशे चौदा हात.
सिप्रियनचा तेवढा खाली राहिला.
त्याला आम्ही चमचा म्हणालो.
तो तारखांना येत नाही.

भांडुपला गेटवर सील आहे.
आत वाइंडिंग खात्यात
अर्धे गुंडाळलेले पंखे तसेच,
तांबं मात्र कुणीतरी उतरवून नेलं.
पीएफ कापला, भरला नाही.
कुणी, विचारलं की
सगळे खिडकीबाहेर बघतात. मीसुद्धा.

माझ्या पिशवीत कँटीन फंडाचा डबा असतो,
चार हजार तीनशे बारा रुपये, वही, पावत्या.
हे कुणाचे, कुणी विचारत नाही.
पुकारा होईपर्यंत मी मोजत बसतो.
गुप्ते नोटांचे कोपरे सरळ करून देतात.

दरवेळी हिशोब जुळतो.