तरगतन साहेबाचा दगड

नातू वाचतो, मी ऐकतो.
बाड्याजवळच्या वाचनालयातून आणलेला इंग्रजी रिपोर्ट,
कसरीने कडा खाल्लेला :
ग्वाल्हेरच्या टेकड्या, त्यांचे खडक. लेखक ट्रेगार्थन.
लष्करात आम्ही त्याला तरगतन म्हणायचो.
त्यानं दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. रोजचे दोन आणे.
जाताना पिशवी रिकामी,
येताना खांद्यावर अर्धी टेकडी.
पहिल्याच दिवशी सांतऊच्या उतारावर
साहेबानं दगड फोडला, हुंगला,
आणि चक्क चाटला.
घरी येऊन आईला सांगितलं.
आई म्हणाली, उपाशी असेल रे, भाकरी नेत जा.
नेली. खाल्ली त्यानं.
मग पुन्हा दगड चाटला.

नाव काय तुझं?
दगडू.
म्हणजे?
मी त्याच्या हातातल्या तुकड्याकडे बोट केलं.
इतका हसला की हातोडा खाली ठेवावा लागला.
मग मी पुढचं सांगितलं :
माझ्या आधीची चार गेली.
पाचव्याला आईनं दगड म्हटलं,
म्हणजे मरणाची नजर वरून जाईल,
धोंडाच तर पडलाय म्हणून.
हसू तिथंच थांबलं त्याचं.
वहीत काहीतरी लिहिलं.
बघ रे, आहे का ते रिपोर्टात?
नाही, आजोबा.

शेकोटीपाशी तो मोडक्या हिंदुस्तानीत बोलायचा.
समुद्रकाठचं गाव, कथिलाची खाण,
खाली गेलेला बाप वर आला नाही.
मग हा निघाला. उंटावरून, गलबतातून,
कुत्र्यांनी ओढलेल्या गाडीतून बर्फावर,
ब्रह्मदेशात जळवांनी भरलेल्या बुटांनी.
सगळीकडे काम एकच :
कोण आधीचा, कोण नंतरचा, हे दगडांना विचारायचं.
आमच्या भाऊबंदकीत नेमला असता त्याला
तर दोन विहिरी वाचल्या असत्या.

पारच्या टेकडीत एक लादी सापडली,
अंगभर वळ्या पडलेली,
ओल्या वाळूवर पडतात तशा.
मी म्हटलं, नदी?
तो म्हणाला, समुद्र.
ग्वाल्हेरात समुद्र!
आमच्या सुवर्णरेखेत चैत्रात म्हशीचा खूर बुडत नाही.

तो शोधत होता शिंपला, माशाचा काटा,
किड्यानं सरपटून केलेली रेघ,
कधीकाळी हललेलं काहीही.
दोन हिवाळे. आंतरी, मुरार, लाल पट्ट्यांच्या दरडी.
रोज दिवेलागणीला पिशवी ओतायची,
भिंग लावायचं,
मान हलवायची.

फाल्गुनात त्याची मुलगी गेली,
मुरारच्या छावणीत, तीन दिवसांच्या तापानं.
टॅम्सिन. सहा वर्षांची.
मला डागडू म्हणायची.

पाचव्या दिवशी साहेबानं हातोडा उचलला.
आम्ही त्या लादीपाशी गेलो.
सुटी करायला दुपार गेली,
गाडीत चढवायला चार माणसं.
मातीवर आडवी ठेवली तिला.
पाथरवट विचारत होता, काय कोरू?
साहेबानं मान हलवली, रोजच्यासारखीच.
मग माझ्याकडे वळून, पत्ता सांगावा तसं म्हणाला :
दगडू, हा दगड झाला तेव्हा
जगात कुणी मेलं नव्हतं.
जन्मलंच नव्हतं कुणी.

मला ते कळलं नाही.
रात्री आईला सांगितलं,
तर तिचा हात परातीत पिठावर तसाच राहिला.

वैशाखात तो आग्र्याच्या वाटेनं गेला.
पुढं कुठं, कुणी सांगितलं नाही.
वाहणावळ माझी आठ आणे राहिलीय.

नातू शेवटचं पान लावतो :
प्राचीन जिवांचे अवशेष, आढळले नाहीत.
इतकंच आहे, आजोबा.

बरोबर लिहिलंय, मी म्हणतो.
त्या दगडाखाली जे आहे,
ते आम्ही नंतर ठेवलं.